मागचा डाव विसरणारा कॅट

सुयुनबाय अतांनी माझा फोन टेबलावर पालथा घातला आणि माशी झाकावी तसा त्यावर चहाचा प्याला ठेवून दिला.

“हे पत्ते लबाड आहेत पोरी,” ते म्हणाले. “मी सही करत नाही.”

मला तीन सह्या हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत तर सहा महिन्यांचा अभ्यास पाण्यात जाणार आणि मी स्टेशनच्या कँटीनमध्ये हातपाय थकेपर्यंत लाग्मानच्या शेवया ओढत राहणार, हे रेल्वे डेपोच्या त्या खोलीतल्या तिन्ही म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही प्याला फोनवर ठेवला. रेल्वेची माणसं अशीच. सिग्नल लाल म्हणजे लाल, मग गाडीत कुणाची का बाळंतीण असेना.

बालिक्चीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी अठरा वर्षं काढली. ते बंद झालं तेव्हा आम्हाला एकेक भिंतीवरचं घड्याळ दिलं. मग कँटीन. मग गेल्या सप्टेंबरात बिश्केकच्या एका कंपनीने आमच्या वाचनालयात प्रोग्रॅमिंगचा फुकट वर्ग काढला. सोळा जण आलो. पंधरा जण माझ्या मुलीच्या वयाचे, सोळावी मी, त्रेचाळीस वर्षांची. शेवटी प्रत्येकाने एक खेळ लिहायचा, आणि वर्गाबाहेरच्या तीन माणसांनी तो आठवडाभर खेळून “पुन्हा खेळू” असं लिहून सही करायची. मग कंपनी एकाला घरबसल्या करायचं काम देणार. सोळांतून एकाला.

शिकवणारा एल्दियार सव्वीसचा. शिकवतो म्हणून मी त्याला आगाय म्हणायचे, आणि मी मोठी म्हणून तो मला एजे, म्हणजे ताई; जसं म्हाताऱ्यांना आम्ही अता, म्हणजे आजोबा म्हणतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, “एजे, तुम्ही रंगबिंग बघा. बायकांना ते छान जमतं.”

मी म्हटलं, “आगाय, मला रंग कळत नाहीत. मला दोनशे चाळीस लाइनींचं बोर्ड पाठ होतं.”

बोर्ड म्हणजे काय हे त्याला कळलं नाही. विचारलंही नाही.

मी खेळ निवडला दुराक. आमच्याकडे हा खेळ न येणारा माणूस सापडणार नाही. छत्तीस पत्ते, छक्कीपासून एक्क्यापर्यंत. प्रत्येकाला सहा. एकाने पत्ता टाकायचा, दुसऱ्याने त्याच रंगाच्या मोठ्या पत्त्याने किंवा हुकमाने तो मारायचा. टेबलावर छक्की पडली असेल तर इतरांनी आपापल्या छक्क्या वर फेकायच्या आणि मारणाऱ्याला रडवायचं. मारलेले पत्ते बाजूच्या ढिगात जातात. शेवटी ज्याच्या हातात पत्ते उरतात तो दुराक, मूर्ख. त्याने पुढचा डाव पिसायचा.

वस्तू-वस्तूंनी प्रोग्रॅम लिहायचा असतो हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी चिडले होते. इतकी साधी, इतकी शहाणी गोष्ट, आणि अठरा वर्षांत एकानेही सांगितली नाही. पत्ता ही एक वस्तू. त्याला दोनच गोष्टी ठाऊक, आपला रंग आणि आपली किंमत. खेळ कुठला चाललाय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. कॅट ही दुसरी वस्तू. त्याच्या पोटात छत्तीस पत्ते, आणि त्या पोटात बाहेरच्या कुणालाही हात घालता येत नाही. वरचा पत्ता मागायचा, तो देतो, संपलं. खेळाडू ही तिसरी. ज्याने त्याने आपलं काम करायचं, दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नाही. आमच्या गल्लीत असं एकही घर नाही.

पिसण्याचं काम मी कॅटलाच दिलं होतं. डाव संपला की नवा कॅट जन्माला घालायचा आणि त्याला सांगायचं, स्वतःला पीस. तो शेवटच्या जागेपासून सुरुवात करी. तिथल्या पत्त्यासकट उरलेल्या सगळ्यांतून चिठ्ठी काढावी तसा एक पत्ता काढी, तो त्या जागी ठेवी, मग शेवटून दुसरी जागा, असं करत पहिलीपर्यंत. यात कुठल्या पत्त्याचा लाड होत नाही आणि कुणावर अन्यायही नाही. मला हे फार आवडलं होतं. जगात दुसरीकडे कुठे असं चालतं ते मला दाखवा.

तर माझ्या या न्यायी कॅटला सुयुनबाय अता लबाड म्हणत होते.

“काय लबाडी केली त्याने?” मी विचारलं.

“तीन छक्क्या. एका हातात तीन. काल तीन राण्या. परवा या तोक्तोसुनला तीन एक्के.”

“ते एक्के मला चालले,” तोक्तोसुन अता म्हणाले. ते गार्ड होते. आता वाळवलेला मासा सोलत होते.

“तुला चालणारच. तीन एक्के असून हरलास.”

“अता, येतात तीन कधीकधी,” मी म्हटलं.

“अकरा वर्षं या टेबलावर आमचा एकच खरा कॅट चालतोय. कधीकधी म्हणजे किती ते मला शिकवू नकोस. पिसलं कुणी हे?”

“कॅटने. स्वतःच.”

खिडकीपाशी वेन्यामिन पेत्रोविच बसले होते. तीस वर्षं इंजिन चालवलेला माणूस. ते मान न वळवता म्हणाले, “म्हणजे मालगाडीने आपल्या वाघिणी आपणच जोडून घेतल्या. मग सुयुनबायने जन्मभर नोकरी उगाच केली.”

सुयुनबाय अता यार्डात वाघिणी जोडण्या-तोडण्यावरचे मुकादम होते. त्यांना हे लागलं. “आणि कापला कुणी?” त्यांनी मला विचारलं.

“कापायची गरज नाही अता. नीट पिसलेला कॅट कापला काय, न कापला काय, फरक पडत नाही.”

“न कापलेला पत्ता मी हातात घेत नाही. लग्नाच्या दिवशी सासऱ्याने वाटले तेव्हाही घेतला नव्हता.”

“म्हणून सासरा चार वर्षं बोलत नव्हता,” तोक्तोसुन अता म्हणाले.

मी प्याला उचलला, फोन घेतला आणि बाहेर पडले. संताप आला होता, पण त्याच्या खाली भीती होती. माझंच चुकलं असेल तर?

दुसऱ्या दिवशी वर्गात एल्दियारला सांगितलं. त्याने स्वतःच्या पडद्यावरून नजरही काढली नाही.

“पिसणं स्वतः लिहिलंत ना? तयार मिळतं ते वापरा म्हणून सांगितलं होतं. तुमचंच कुठेतरी घसरलंय.”

“बघता का एकदा?”

“एजे, सोळा जण आहेत.”

सोळा जण आहेत. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय, आकडा तेवढा बदलतो. मी घरी गेले, माझं पिसणं काढून तयार मिळतं ते बसवलं. एकाच किंमतीचे तीन पत्ते असलेले हात येतच राहिले. मग माझं पुन्हा बसवलं आणि मशीनला दहा लाख वेळा पिसायला लावलं. प्रत्येक पत्ता प्रत्येक जागी सारख्याच वेळा बसला होता. मग कागदावर गणित मांडलं. सहा पत्त्यांच्या हातात एकाच किंमतीचे तीन किंवा जास्त किती वेळा यावेत? शंभर हातांत नऊ, थोडे वरच. प्रोग्रॅम देत होता तेही नऊ, थोडे वरच.

म्हणजे माझं बरोबर होतं. मला वाटलं होतं की आनंद होईल. झाला तो राग. कँटीनच्या ॲप्रनवरच डेपोत गेले.

“अता, चूक माझी नाही. तुमची आहे. तुमचे पत्ते नीट पिसलेले नसतात.”

 मला वाटतं, अकरा वर्षांत त्या टेबलापाशी इतकं मोठं काही घडलं नव्हतं.

“सिद्ध कर,” सुयुनबाय अता म्हणाले.

“करते. प्रत्येक डाव वाटून झाला की मला तिघांचे हात दाखवायचे. मी लिहून घेणार.”

“आणि डोळ्यांनी वेन्याला खुणा करणार.”

“वेन्यामिन पेत्रोविचना खुणा करून काय उपयोग? त्यांना चष्म्याशिवाय मी दिसत नाही.”

“दिसतेस,” ते म्हणाले. “आवाजावरून.”

शेवटी तोडगा तोक्तोसुन अतांनी काढला. मी तिघांचे हात बघायचे, लिहायचे आणि डाव संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं. मार्च महिना. आमच्याकडे मार्चात उलान वारा सुटतो, सरळ घाटातून येतो आणि माणसाला भिंतीला चिकटवतो. दहा दिवस, रोज दुपारी कँटीन आवरलं की बारा डाव. बारा वेळा आत, बारा वेळा बाहेर. तिसऱ्या दिवशी सुयुनबाय अतांनी न बोलता आपला मेंढीच्या कातड्याचा कोट दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवून ठेवला. आत बस म्हणाले नाहीत. नियम म्हणजे नियम.

एकशेवीस डाव, तीनशेसाठ हात. गणिताप्रमाणे तीन सारखे पत्ते असलेले हात चौतीसच्या आसपास यायला हवे होते. आले सतरा. निम्मे.

वही घेऊन मी आत गेले. आता यांचं नाक खाली करायचं, असं ठरवूनच गेले होते. डाव नुकताच संपला होता. तोक्तोसुन अता हरले होते, म्हणून पिसायची पाळी त्यांची. दहा दिवसांत मी हात बघितले होते, पिसणं एकदाही नीट बघितलं नव्हतं. वाऱ्यातून आत आलं की आधी डोळे पुसायचे, मग वही उघडायची, तेवढ्यात वाटून झालेलं असायचं. त्या दिवशी बघितलं.

त्यांनी ढीग उचलला. त्या ढिगात छक्कीजवळ छक्की होती, राणीजवळ राणी, कारण खेळात ती तशीच एकमेकींच्या मागे फेकली गेली होती. अकरा वर्षं चहा पिऊन पत्ते फुगलेले. ते सरकत नाहीत, गठ्ठ्याने निघतात. तोक्तोसुन अतांनी आठ-नऊ पत्त्यांचे गठ्ठे वरखाली केले, तीनदा, टेबलावर ठोकले आणि शेजारी सरकवले. वेन्यामिन पेत्रोविचनी डाव्या हाताने कापला. मग एकेक वाटायला सुरुवात. शेजारशेजारच्या दोन छक्क्या, एक याला, एक त्याला. एकाच हातात तीन येणार कशा? मागच्या डावात ज्या एकत्र पडल्या, त्या या डावात वेगवेगळ्या घरी गेल्या.

मी वही मिटली.

माझा कॅट प्रत्येक डावाला नवा जन्मत होता. फॅक्टरीतून आत्ता आलेला, कोरा, कुणाच्याही हाताचा वास नसलेला. त्याला मागचा डाव ठाऊकच नव्हता. पूर्ण पिसलं तर जुना-नवा सगळा सारखा, हे खरं. पण माणसाचा हात पूर्ण पिसत नाही. या खोलीत अकरा वर्षं एकच कॅट होता आणि प्रत्येक डावात मागच्या डावाचं थोडं काहीतरी उरत होतं. म्हातारे तेच खेळत होते. शुद्ध नशीब त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मीही पाहिलेलं नाही. कुणी पाहिलंय?

“काय निघालं?” सुयुनबाय अतांनी विचारलं.

“तुमचे पत्ते अर्धवट पिसलेले असतात, हे निघालं. आणि मी मूर्ख आहे, हेही.”

“दुसरं लिहून दे,” वेन्यामिन पेत्रोविच म्हणाले. “त्याच्यावर आम्ही तिघं लगेच सही करतो.”

चार दिवस मी सगळं उसवलं. कॅटकडून पिसणं काढून घेतलं. कॅटने कॅट असावं, पत्ते सांभाळावेत. पिसणारा ही वेगळी वस्तू केली. असे दोन पिसणारे लिहिले. एक न्यायी, चिठ्ठ्या काढणारा. दुसऱ्याचं नाव ठेवलं सुयुनबाय. तो मोठमोठे गठ्ठे वरखाली करतो, तीनदाच, आणि कधी दोन पत्ते चिकटून निघतात. कॅटला पिसणारा कोण ते कळत नाही, कळायची गरजही नाही. जो कुणी येईल त्याच्या हातात तो आपले पत्ते देतो. नवा कॅट जन्माला घालणारी ओळ खोडली. एकच कॅट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मारलेले पत्ते पडले त्याच क्रमाने ढिगात. हरलेल्याच्या हातातले वर. पिसणार हरलेलाच, आणि कापणार त्याचा शेजारी. पडद्यावर बोट ठेवायचं, जिथे ठेवाल तिथे कॅट तुटतो. मशीनला दहा हजार डाव आपल्याशीच खेळायला लावले. तीन सारखे असलेले हात किती? शंभरात पाच.

वहीत सतरा होते तीनशेसाठात. करा भागाकार.

फोन पुन्हा डेपोत नेला. सुयुनबाय अतांनी पहिल्यांदा कॅट कापला, बोट बराच वेळ पडद्यावर धरून. आठवडाभर खेळले. आठव्या दिवशी माझ्यासमोर कागद आला. सुयुनबाय अतांनी लिहिलं होतं, “पुन्हा खेळू.” वेन्यामिन पेत्रोविचनी लिहिलं, “पत्ते ठीक. अक्षरं मोठी करा.” तोक्तोसुन अतांनी सहीखाली लिहिलं, “सुयुनबाय फोनवरही विचार करायला वेळ घेतो, त्यावर उपाय शोधा.”

आठवड्याने वाचनालयात निवड होती. कंपनीकडून चिनारा म्हणून बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या, आखूड केसांच्या. एल्दियार शेजारी बसला होता आणि त्याच्यापुढे आमच्या सगळ्यांचे तक्ते. माझ्या तक्त्यात “पिसणं” या रकान्यासमोर त्याने लिहिलं होतं, सदोष.

“सदोष का?” चिनारा एजेंनी त्याला विचारलं.

“यादृच्छिक नाही. मी तपासणीचा प्रोग्रॅम चालवला. समान किंमतीचे पत्ते निम्म्याने कमी वेळा एकत्र येतात. मूलभूत चूक आहे.”

“तुम्ही कोड उघडून पाहिलात?” मी विचारलं.

“निकाल पाहिला, एजे.”

“मग तुम्ही पत्ते पाहिलेत आणि पिसणारा पाहिला नाहीत.” माझा आवाज चढला होता, तो मी उतरवला नाही. “उघडा. आत दोन पिसणारे आहेत. एक तुम्हाला हवा तो, आणि तो मी तुमच्या आधी दहा लाख वेळा तपासलाय. दुसरा माणूस आहे. तो किती चुकतो हे मी अंदाजाने लिहिलेलं नाही. तीनशेसाठ हात मोजलेत, वाऱ्यात उभं राहून. ही वही.”

चिनारा एजेंनी वही घेतली. चार पानं उलटली. एका पानावर पाण्याने आकडे फुटले होते, तिथे थांबल्या. मग लॅपटॉप एल्दियारपुढे सरकवला. त्याने कोड उघडला आणि वाचू लागला. वाचताना त्याचा कान लाल होत गेला. मला त्या क्षणी त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

“एजे,” तो शेवटी म्हणाला, माझ्याकडे बघून, “मी हे उघडलंच नव्हतं. वेगळं काढलंय तुम्ही पिसणं. चांगलं काढलंय.” त्याने “सदोष”वर रेघ मारली. हे मात्र मी त्याच्या नावावर जमा धरते. पुष्कळ जण रेघ मारत नाहीत.

“खेळणाऱ्याला यातला कुठला देणार तुम्ही?” चिनारा एजेंनी मला विचारलं.

“अनोळखी लोक जिंकण्यासाठी खेळत असतील तर न्यायी. ओळखीचे चहा पीत बसले असतील तर दुसरा. आणि कुठला चालू आहे ते पडद्यावर लिहिणार. लपवायचं काय त्यात?”

त्यांनी वही परत केली नाही. म्हणाल्या, “आमचाही पत्त्यांचा एक खेळ आहे. दोन वर्षांत चारशेच्या वर पत्रं आलीत, तुमचे पत्ते लबाड आहेत म्हणून. आम्ही सगळ्यांना एकच उत्तर पाठवतो, पिसणं तपासलेलं आहे, धन्यवाद. लोक खेळ काढून टाकतात.”

“बरोबरच करतात.”

“एक तारखेपासून या. म्हणजे घरूनच या. तीन महिने बघू, मग पुढचं बोलू.”

मी हो म्हटलं. आभार मानायचे राहून गेले, ते बाहेर पडल्यावर लक्षात आलं. परत गेले नाही.

एक तारखेला सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. चारशेबारा पत्रं होती. पहिलं ओशच्या एका बाईचं, सव्वा वर्षापूर्वीचं, त्याला तेच धन्यवादाचं उत्तर गेलेलं. तिने लिहिलं होतं, “माझी आई ऐंशी वर्षांची आहे, ती म्हणते हे खोटे पत्ते आहेत. तिला मी काय सांगू?”

मी लिहिलं, “आईंना विचारा, तुमच्याकडे एकेक वाटतात की दोन-दोन?”

सव्वा वर्षाने कोण उत्तर देणार, म्हणून दुसरं पत्र उघडलं. ते वाचून व्हायच्या आत उत्तर आलं.

“दोन-दोन. आणि पिसणाऱ्याने उलट्या बाजूने तोंड करून बसायचं. आई विचारतेय, तुम्ही कुणाची मुलगी?”

मी नवी फाइल उघडली आणि तिसरा पिसणारा लिहायला घेतला.